दाखवायचे दात

लिहायचं टाउसेस्टर, म्हणायचं टोस्टर.
पहिल्याच दिवशी मी नावात चुकले
तर रिसेप्शनवरची मॉरीन म्हणाली, "असू दे,
रोमनसुद्धा चुकले असतील."

डेनिस ऑर्पवुड आला तो एका गुरुवारी.
वय एकाहत्तर, उजवा गुडघा वाकत नाही.
खुर्चीत बसला तो गाडीत उतरावं तसा:
आधी पाय, मग कंबर,
मग हातांना धरायला काही सापडेना.

गावाला तो पाठ आहे.
कोपऱ्यावरच्या पबात, डार्टबोर्डच्या वर
त्याचं हेल्मेट टांगलंय, खाली पितळी पट्टी:
अकरा मोसम, दोन विजय.
वर्तमानपत्रं त्याला 'फ्रिज' म्हणायची.
ताशी एकशे साठ मैलांवर
नाडी म्हणे साठाच्या पुढे जात नसे.

दुसरा विजय शहात्तरचा.
रॉय टनिक्लिफची गाडी कठड्याला धडकून पेटली,
आणि हा तिच्या बाजूने गेला.
पुन्हा गेला.
एकोणीस वेळा गेला, त्याच धुरातून,
आणि शेवटी पहिला आला.
पबात अजून दोन तट आहेत.
एक म्हणतो, धंदा आहे, थांबून काय केलं असतं?
दुसरा काही म्हणत नाही, ग्लास उलटा ठेवतो.

मी म्हटलं, आ करा.

दाढा नव्हत्याच म्हणायच्या.
जात्याची पाळू झिजावी तशा सपाट,
कडा गेलेल्या, आतलं पिवळं उघडं.
दाताच्या कण्या करणं
मी आजवर फक्त बोलण्यात ऐकलं होतं.
खाली डावीकडे एक दाढ उभी चिरलेली,
जुनी चीर, काळी पडलेली.

सांगलीला आम्हाला शिकवलं होतं:
असं रात्री झोपेत होतं, नाहीतर भीतीनं.
"रात्री दात खाता का?" मी विचारलं.
तोंडात माझी बोटं, त्यानं मानेनं नाही म्हटलं.
मग चूळ भरली, बेसिनमध्ये थुंकला,
आणि त्या पाण्याकडे बघतच बोलला.
"प्रत्येक वळणाला. पहिल्या वर्षापासून.
ती चिरलेली ना,
ती त्याच दिवशीची. तिसऱ्या की चौथ्या खेपेला.
आवाज आला. मला वाटलं इंजिन गेलं.
देवाशपथ सांगतो डॉक्टर, बरं वाटलं होतं,
वाटलं, आता थांबता येईल."

इंजिनाला काही झालं नव्हतं.

मी त्याला रात्री घालायची पट्टी करून दिली.
फ्रिजला कशाला कव्हर, म्हणून तो हसला,
ओठ मिटून. फोटोंत हसतो तसाच.
त्या मिटल्या ओठांवरच तर
लोकांनी एवढं सगळं लिहिलं होतं.

हिल्डा टनिक्लिफ बुधवारी येते.
त्याच खुर्चीत, तोच दिवा.
एकदा वेटिंग रूममधलं जुनं मासिक तिनं
पालथं घातलं, आणि मला विचारलं,
"तो येतो का तुमच्याकडे?"
मी म्हटलं, जरा डावीकडे वळा.
तिच्या दातांबद्दल मी काही लिहिणार नाही.

मार्चमध्ये डेनिस गेला.
स्थानिक पेपरात अर्धं पान आलं,
पहिल्याच ओळीत 'बर्फासारखा थंड'.
पबानं हेल्मेट पुसून परत टांगलं.
नियमाप्रमाणे त्याची फाइल अजून काही वर्षं ठेवायची,
मग फाडायची.
प्लॅस्टरचा साचा मात्र कपाटात आहे,
वरची कमान, खालची कमान, रबरबँडनं बांधलेली.
मॉरीन दोनदा म्हणाली, टाकून देऊ का?

पेशंटचं बाहेर बोलायचं नसतं, बोललेही नाही.
हे मराठीत लिहितेय.
या गावात ते वाचणारं कुणी नाही,
आणि नावं बदलली आहेत.
दाढ तेवढी तीच आहे.